हायड्रोजनचे ट्रक : पंपावरचा हिशेब कोण मांडणार?

मार्च २०२५ मध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि प्रल्हाद जोशी यांनी हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकना हिरवा झेंडा दाखवला. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनखाली केंद्र सरकारने पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले. त्यात ३७ वाहने, ९ हायड्रोजन भरण केंद्रे, १० मार्ग आणि सरकारी मदत सुमारे २०८ कोटी रुपये. मार्गांमध्ये आपला मुंबई-पुणे मार्गही आहे. टाटा मोटर्स, रिलायन्स, अशोक लेलँड, एनटीपीसी, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम अशी मोठी नावे त्यात आहेत. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले, 'धुराऐवजी पाणी सोडणारा ट्रक' असे मथळे झळकले. पण हा हायड्रोजन ट्रकमध्ये भरायचा कसा, एक किलो भरायला किती खर्च येतो आणि तो खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो, याची चर्चा कुठेच झाली नाही. आमच्या मते सगळा प्रश्न याच ठिकाणी आहे. ट्रक रस्त्यावर धावतो हे आता सिद्ध झाले आहे. पंपावरचा हिशेब जुळतो की नाही, हे सिद्ध व्हायचे आहे.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. फ्युएल सेलच्या ट्रकमध्ये टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज तयार होते आणि त्या विजेवर मोटर चालते. म्हणजे हा विजेवरचाच ट्रक. फरक इतकाच की वीज बॅटरीत साठवण्याऐवजी तो ती चालता चालता तयार करतो. येथे एक बाब नोंदवली पाहिजे. मंजूर झालेल्या ३७ वाहनांपैकी १५ वाहनेच फ्युएल सेलची आहेत. उरलेली २२ वाहने हायड्रोजन इंजिनात जाळून चालणारी आहेत. या दोहोंना 'हायड्रोजन ट्रक' या एकाच नावाखाली मोजणे बरोबर नाही, कारण जाळण्याच्या पद्धतीत इंधन जास्त लागते.

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा असते, म्हणजे सव्वातीन लिटर डिझेलइतकी. वजनाच्या हिशेबाने हे फारच उत्तम. पण तो जागा प्रचंड घेतो, म्हणून दाबून किंवा गोठणाऱ्या थंडीत द्रवरूप करूनच टाकीत भरावा लागतो. एक हजार लिटरच्या टाकीत डिझेल भरले तर सुमारे दहा हजार युनिट ऊर्जा मावते. त्याच टाकीत हायड्रोजन ३५० बार दाबाने भरला तर २४ किलो मावतो, म्हणजे ८०० युनिट. दाब दुप्पट करून ७०० बार केला तर ४० किलो. आणि द्रवरूपात भरला तर सुमारे ७० किलो. भरण्याच्या तीन पद्धती आहेत त्या याच.

पहिली पद्धत ३५० बारची. सीएनजी आपण २०० बारला भरतो, हे त्याच्या पुढचे पाऊल. यंत्रे तुलनेने स्वस्त, कॉम्प्रेसरवरचा ताण कमी. स्वित्झर्लंडमध्ये २०२० पासून धावू लागलेले ह्युंदाईचे ट्रक याच दाबाचे होते. सात टाक्यांत तीसेक किलो हायड्रोजन आणि सुमारे ४०० किलोमीटरचा पल्ला. चीनमध्येही बहुतेक ट्रक याच दाबावर चालतात.

दुसरी पद्धत ७०० बारची. पल्ला वाढतो, पण खर्चही वाढतो. वायू वेगाने टाकीत कोंबला की टाकी तापते आणि तापमान ८५ अंशांच्या वर जाऊ देता येत नाही. म्हणून हायड्रोजन आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करून मग सोडावा लागतो. दाबणे आणि थंड करणे यात किलोमागे तीन-चार युनिट वीज जाते. मोटारगाड्यांसाठी ठरलेला वेग सेकंदाला ६० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला साडेतीन किलो. ट्रकला ते पुरत नाही, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेतील एसएई या संस्थेने अवजड वाहनांसाठी सेकंदाला ३०० ग्रॅमपर्यंतच्या वेगाची नियमावली काढली. पण तेवढा वेग देणारी यंत्रे आणखी महाग. शिवाय एक ट्रक भरला की साठ्याचा दाब उतरतो आणि कॉम्प्रेसरने तो पुन्हा चढवेपर्यंत मागच्याला थांबावे लागते. सीएनजीच्या रांगेत 'प्रेशर नाही' हे शब्द ऐकलेल्या रिक्षाचालकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी पद्धत द्रवरूप हायड्रोजनची. यासाठी तो उणे २५३ अंशांपर्यंत थंड करतात. जर्मनीच्या डेमलर कंपनीचा ट्रक सप्टेंबर २०२३ मध्ये एका भरणीत १,०४७ किलोमीटर धावला. ८० किलो द्रव हायड्रोजन दहा-पंधरा मिनिटांत भरता येतो, असे ती कंपनी आणि लिंडे कंपनी सांगतात. पंपावरचे काम यात सोपे होते. खर्च मात्र पंपाच्या आधीच होऊन गेलेला असतो, कारण एक किलो हायड्रोजन द्रवरूप करायला दहा ते तेरा युनिट वीज लागते, म्हणजे त्यातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा. आणि गाडी फार काळ उभी राहिली तर द्रव हळूहळू वायू होऊन उडतो. आपल्या बंदरांच्या बाहेर कंटेनर खाली होण्याची वाट पाहत ट्रक कसे ताटकळत असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या 'उडण्याचा' अर्थ कळेल. ज्या डेमलरने हा पराक्रम केला, तिनेच २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन पुढच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लांबणीवर टाकले. पंपांचे जाळे उभे राहत नाही, हे त्याचे कारण दिले गेले.

हायड्रोजन पंपापर्यंत आणायचा कसा, हाही खर्चच. लोखंडी नळकांड्यांच्या ट्रेलरमधून २०० बारने आणला तर चाळीसेक टनांचा तो अवजड ट्रेलर तीन-चारशे किलो हायड्रोजन आणतो, म्हणजे दहा-बारा ट्रकची भरणी. द्रव आणला तर एका टँकरमध्ये तीन-चार टन येतो, पण तो आधी द्रव करावा लागतो. पंपावरच पाण्याचे विघटन करून तयार केला तर वाहतूक वाचते, पण तिथे मोठी वीजजोडणी आणि जागा लागते. कोणताही मार्ग फुकटचा नाही.

आता पैशांचा हिशेब मांडू. आम्ही वकील आहोत, अभियंते नाही. पण बेरीज-वजाबाकीला पदवी लागत नाही आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा प्रत्येक नागरिकाचा अधिकार आहे.

एक किलो हरित हायड्रोजन तयार करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. वीज चार रुपये युनिटने मिळाली तरी विजेचेच दोनशे ते दोनशे वीस रुपये झाले. २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीसाठी निविदेतून जो भाव निघाला तो किलोला सुमारे ३९७ रुपये होता. हा भाव वर्षाला दहा हजार टनांच्या मोठ्या प्रकल्पाचा, रिफायनरीच्या दारातला. तिथे ना वाहतूक, ना पंप, ना ७०० बारचा दाब.

पंपाचा खर्च पाहू. महाराष्ट्र सरकारच्या जुलै २०२३ च्या हरित हायड्रोजन धोरणात पहिल्या २० भरण केंद्रांना भांडवली खर्चाच्या ३० टक्के, पण कमाल साडेचार कोटी रुपये अनुदान ठेवले आहे. याचा अर्थ सरकारनेच एका केंद्राचा खर्च पंधरा कोटींच्या घरात धरला आहे. तो पंधरा वर्षांत वसूल करायचा, व्याजही सोडून द्यायचे, तरी वर्षाला एक कोटी. पंपावर रोज १०० किलो हायड्रोजन विकला गेला तर हा बोजा किलोमागे २७४ रुपये पडतो. रोज १,००० किलो विकला गेला तर तोच बोजा २७ रुपये. हायड्रोजनच्या अर्थशास्त्राचे खरे कुलूप येथे आहे. ट्रक नाहीत म्हणून पंप तोट्यात, आणि पंप महाग म्हणून ट्रक नाहीत. आपल्या प्रायोगिक प्रकल्पांत ९ केंद्रांवर ३७ वाहने, म्हणजे केंद्रामागे चार. प्रत्येकाने रोज २५ किलो घेतला तरी विक्री १०० किलोच होते.

भरलेला ट्रक शंभर किलोमीटरला साधारण आठ किलो हायड्रोजन खातो असे धरू. पानिपतचा भाव ३९७, पंपाचा बोजा २७४, दाबण्याच्या विजेचे तीसेक रुपये मिळून किलो सातशेला पडतो. शंभर किलोमीटरला ५,६०० रुपये. पंप पूर्ण क्षमतेने चालला तरी वाहतूक सोडून साडेचारशे रुपये किलो, म्हणजे शंभर किलोमीटरला ३,६०० रुपये. तेवढाच डिझेल ट्रक साडेतीनचा ॲव्हरेज देतो आणि डिझेल नव्वद रुपये लिटर आहे असे धरले तर २,६०० रुपयांत काम भागते. बरोबरी साधायची तर नोझलवरचा भाव किलोला ३२० रुपयांच्या आसपास यावा लागेल. त्यात डिझेलवर भरमसाट कर आहेत आणि हायड्रोजनला वीज शुल्कापासून वहन आकारापर्यंत सवलती आहेत, हे विसरू नये. ट्रकची किंमत तर आम्ही यात धरलेलीच नाही.

बॅटरीच्या ट्रकशी तुलना केली तर चित्र अधिक स्पष्ट होते. शंभर किलोमीटरला त्याला चार्जिंगमधला तोटा धरून सुमारे १४५ युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट दर धरला तरी १,४५० रुपये. हायड्रोजनच्या ट्रकला तेच अंतर कापायला हायड्रोजन तयार करण्यापासून दाबण्यापर्यंत मिळून ४७० युनिट लागतात. म्हणजे त्याच विजेत बॅटरीचे तीन ट्रक चालतात. आणि ही वीज सौर-पवन नसून कोळशाचा भरणा असलेल्या ग्रीडची असेल तर? भारतीय ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने हायड्रोजनचा ट्रक शंभर किलोमीटरला तीनशे किलोच्या वर कार्बन सोडील. डिझेलचा ट्रक पाऊणशे किलोच सोडतो. म्हणून केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवलेला निकष, म्हणजे एक किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त दोन किलो उत्सर्जन, कागदावर राहता कामा नये. प्रत्येक पंपावर त्याची तपासणी झाली पाहिजे.

मग हायड्रोजन निरुपयोगी आहे का? तसे आमचे म्हणणे नाही. बॅटरी जड असते, त्यामुळे माल कमी नेता येतो. हजार किलोमीटरच्या पल्ल्यावर चार्जिंगसाठी तासन्‌तास थांबणे परवडत नाही. अशा लांबच्या, ठरलेल्या, भरगच्च मार्गांवर हायड्रोजनला उद्या जागा मिळू शकते. आणि डिझेलचा धूर कोणाच्या छातीत जातो? कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलभोवती, मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांत, महामार्गाला लागून असलेल्या झोपड्यांत राहणारा माणूस कोण आहे, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. स्वच्छ ट्रक आपल्यालाच सर्वांत आधी हवे आहेत. म्हणूनच आम्ही विचारतो, मुंबई-पुणे हे अंतर दीडशे किलोमीटरचे. हे अंतर बॅटरीचा ट्रक आजच कापू शकतो. तिथे तिप्पट वीज खाणारा उपाय कशासाठी? २०८ कोटी भागिले ३७ म्हणजे वाहनामागे साडेपाच कोटींच्या वर सरकारी मदत, त्यात पंप आले हे मान्य. प्रयोगाला पैसा लागतो हेही मान्य. पण पीएम ई-ड्राइव्ह योजनेत बॅटरीच्या ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये मिळतात, हेही शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. आणखी एक उदाहरण पाहा. मे २०२५ मध्ये छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात अदानी समूहाने हायड्रोजनचा ट्रक सुरू केला, तो खाणीतला कोळसा वीजकेंद्राकडे वाहून नेण्यासाठी! आदिवासींच्या जमिनीखालचा कोळसा स्वच्छ ट्रकमधून गेल्याने स्वच्छ होत नाही.

परदेशातला अनुभवही डोळ्यांसमोर ठेवावा. कॅलिफोर्नियात पंपावरचा भाव २०२३-२४ मध्ये किलोला ३० डॉलरच्या वर गेला. शेल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले. हायड्रोजन ट्रक बनवणारी निकोला कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. पंपाचा भाव हाताबाहेर गेला की गाडी घेणारा अडकतो. स्वित्झर्लंडमध्ये ट्रक चालले, कारण तिथे डिझेल ट्रकवर मोठा रस्ता कर आहे आणि या ट्रकना तो माफ होता. शिवाय ट्रक विकत घेण्याऐवजी किलोमीटरमागे पैसे देण्याची सोय होती, म्हणजे जोखीम ट्रान्सपोर्टरच्या डोक्यावर नव्हती. चीनच्या शानडोंग प्रांताने मार्च २०२४ पासून दोन वर्षांसाठी हायड्रोजन वाहनांना टोल माफ केला. युरोपीय संघाने २०३० पर्यंत मुख्य मार्गांवर दर २०० किलोमीटरला पंप बंधनकारक केला. जिथे राज्याने जबाबदारी घेतली तिथेच हे इंधन थोडेफार उभे राहिले, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्या माणसाकडे येऊ. आपल्याकडचे बहुतांश ट्रकमालक एक ते पाच गाड्यांचे. त्यातले कितीतरी स्वतःच चालक. हप्ता फेडायचा तर जिथे भाडे मिळेल तिथे जायचे आणि परतीचा माल शोधायचा. दहा मार्गांवरच्या नऊ पंपांना बांधलेला ट्रक त्याच्या काय कामाचा? तो ट्रक एकाच मार्गावर रोज फेऱ्या मारणाऱ्या मोठ्या कंपनीच्याच कामाचा. म्हणजे अनुदान सार्वजनिक तिजोरीतून आणि फायदा मोठ्या ताफ्यांना. उद्या डिझेल ट्रकवर निर्बंध आले की लहान मालक रस्त्याबाहेर जाणार. संविधानाचे कलम ३९ (ब) भौतिक साधनांचे वाटप समाजहिताला पोषक व्हावे असे राज्याला सांगते. ऊर्जा हे असेच साधन आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ती नफेखोरीच्या हाती जाऊ नये, हा आग्रह त्यांनी त्या वेळी धरला होता. हायड्रोजन विजेपासूनच तयार होतो, म्हणून तोच आग्रह येथेही लागू पडतो.

दुसरा प्रश्न पंपांच्या मालकीचा. सरकारी तेल कंपन्यांच्या पेट्रोल पंप वाटपात अनुसूचित जाती-जमातींना साडेबावीस टक्के आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण आहे. उद्या हायड्रोजनचे पंप वाटले जातील तेव्हा हे आरक्षण राहील की 'नवे तंत्रज्ञान' म्हणून वगळले जाईल? पंधरा कोटींचा पंप आपला तरुण स्वतःच्या बळावर उभारू शकणार नाही, त्यामुळे भांडवलाची सोय नसलेले आरक्षण पोकळ ठरेल. हे आताच विचारायला हवे, वाटप झाल्यावर नव्हे.

तिसरा प्रश्न कामगारांच्या जिवाचा. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही आणि ठिणगीने तो सहज पेट घेतो. जून २०१९ मध्ये नॉर्वेतल्या सँडविका येथील भरण केंद्रात मोठा स्फोट झाला. कारण निघाले ते उच्च दाबाच्या टाकीच्या झाकणाचे बोल्ट नीट न आवळल्याचे. योग्य प्रशिक्षण, वायुगळती ओळखणारी यंत्रे आणि नियमित तपासणी असेल तर धोका आटोक्यात राहतो. पण आपल्याकडे नोझल धरणारा कामगार कंत्राटी असतो, त्याला तोंडी सूचनांवर कामाला लावतात. अशा केंद्रांना परवानगी देणाऱ्या पेसो या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. प्रशिक्षणाचे लेखी प्रमाणपत्र आणि विमा असल्याशिवाय कोणालाही नोझलवर उभे करू नये, ही अट तिने परवान्यातच घातली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. टाटा मोटर्सने चाचणीचा कालावधी २४ महिन्यांपर्यंतचा सांगितला होता. या सर्व चाचण्यांत किलोमागे आणि किलोमीटरमागे किती खर्च आला, पंप किती दिवस बंद राहिला, भरायला किती मिनिटे लागली, वीज कुठली होती, हे आकडे माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे सरकारने स्वतःहून जाहीर करावेत. त्याच मार्गांवर बॅटरीच्या ट्रकचे आकडे शेजारी छापावेत. त्या आकड्यांवरून ज्या मार्गावर हायड्रोजन खरोखर परवडेल तिथेच पुढचा पैसा द्यावा, आणि जो पंप सरकारी पैशातून उभा राहील तो लहान मालकालाही त्याच भावात खुला असावा.

कार्यकर्त्यांनी हा विषय अभियंत्यांचा म्हणून बाजूला ठेवू नये. वाहतूकदारांच्या संघटनांत, पंपावरच्या कामगारांत आपली माणसे आहेत. त्यांना घेऊन बसा, हे आकडे त्यांच्यासमोर मांडा आणि जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती अधिकाराचे अर्ज दाखल करा. आकडे हातात असले म्हणजे पुढच्या कार्यक्रमात झेंडा दाखवायला येणाऱ्या मंत्र्याला पहिला प्रश्न किलोच्या भावाचा विचारता येईल.